होल्गर शुकाय यांना, कोकण किनाऱ्यावरून

प्रिय होल्गर शुकाय यांस,
सप्रेम नमस्कार.

कोलोनजवळच्या वाइलर्सविस्टमध्ये, तुमच्या ‘कॅन’ बँडच्या जुन्या स्टुडिओतच केलेल्या घरात, तुम्ही ५ सप्टेंबर २०१७ला गेलात. आमच्याकडे तो शिक्षक दिन, आणि त्या वर्षी अनंत चतुर्दशीही नेमकी त्याच दिवशी आली होती. विसर्जनाच्या ढोल-ताशांत जर्मनीतल्या एका ७९ वर्षांच्या बास वादकाची बातमी कोणाच्या कानावर येणार? आभार मानायला उशीर झाला तो असा. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे उघडच आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात माळ्यावरचे टेप आणि रेडिओ खाली काढून त्यांतून संगीत करू पाहणारे काहीजण आहेत, ते वाचतील. म्हणून तुमच्याकडून काय मिळालं ते नुसत्या स्तुतीत न गुंडाळता कामासकट लिहितो.

त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. जन्म १९३८, डान्झिग (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क). पोरवयात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम; कान तिथे तयार झाला. १९६३ ते ६६ स्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराकडे शिक्षण, मग संगीताची मास्तरकी. रॉकशी फारसं देणंघेणं नव्हतं. मिशाएल कारोली या विद्यार्थ्याने बीटल्स ऐकवले आणि गाडी रूळ बदलून गेली. १९६८मध्ये इरमिन श्मिट, याकी लीबेत्साइट आणि त्याच कारोलीबरोबर ‘कॅन’ हा बँड. स्टेजवर पांढरे हातमोजे घालून बास वाजवायचा, आणि १९७७च्या सुमारास बास दुसऱ्याच्या हाती देऊन आपण शॉर्टवेव्ह रेडिओ (दूरदेशीची केंद्रं पकडणारा) आणि तारयंत्राची मोर्सची कळ घेऊन बसायचं! लोकांनी विक्षिप्त म्हटलं ते उगाच नाही. पण त्या विक्षिप्तपणाच्या खाली हिशेब पक्का होता, आणि आमच्या उपयोगी पडला तो हिशेब.

पहिले आभार टेप चालू ठेवल्याबद्दल. १९७१चा ‘कॅन’चा अल्बम ‘टागो मागो’ एका जुन्या गढीत दोन ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. काहीतरी बिघडलं की बाकीचे वाट बघत सहज वाजवत बसायचे, आणि तुम्ही तेही गुपचूप टेपवर घेत होतात. आमच्याकडच्या भजनाला हे तंतोतंत लागू पडतं. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ध्वनिमुद्रित करणारे बहुतेकजण भजन सुरू झालं की बटण दाबतात. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लागत असते, पेटीवाला एकच सूर धरून बसलेला असतो, टाळकरी मधूनच एखादी थाप जुळवून बघतो, तो खरा माल तोवर निघून गेलेला असतो. मंडळी ओटीवर टेकायच्या आधी यंत्र चालू करावं. आणि ट्रॅक दोनच असतील तर नंतर एकेका वाद्याचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, माईक ठेवाल तेच मिक्सिंग. माईक टाळकऱ्यांपासून लांब आणि धुमेकडे तोंड करून हवा; पेटीच्या भात्यासमोर ठेवलात तर भात्याचा वारा माईकवर आदळून प्रत्येक ओळीत ‘फुफ्’ येतं.

दुसरे आभार कात्रीचे. तासन्‌तास वाजवायचं आणि गाणं नंतर टेप कापून घडवायचं, ही तुमची रीत. टेप कापणं हे वादनच आहे हे एकदा पटलं की मोजपट्टी हातात घ्यावी लागते, कारण टेपवर वेळ सेंटिमीटरांत मोजतात. आठ मात्रांचा भजनी ठेका मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असला तर एक आवर्तन ४ सेकंदांचं. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर लूपसाठी, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणाऱ्या टेपसाठी, ७६ सेंटिमीटरचा तुकडा, ३८च्या वेगाला १५२. आता १ मिलिमीटर चुकला तर काय होतं ते बघा. ३८च्या वेगाला ती चूक सेकंदाच्या हजाराव्या भागांत तीनसुद्धा भरत नाही. १९ला ती पाच होते. आणि साध्या कॅसेटला, जी सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते, तिथे एकवीस. एकवीस हजारांश प्रत्येक आवर्तनाला घसरले की वादकाच्या आधी ऐकणाऱ्याचा पाय अडखळतो.

कोकणात मोठ्या रिळाचं यंत्र क्वचितच दिसतं. आहे ती कॅसेट. तिच्या डबीत बसणारा लूप साधारण २४ सेंटिमीटरचा, म्हणजे ५ सेकंदांचा. त्याहून आखूड तुकडा आतल्या चाकांभोवती फिरतच नाही. म्हणून उलट्या बाजूने हिशेब करावा. आठ मात्रा ५ सेकंदांत बसवायच्या तर लय मिनिटाला ९६. पखवाजवाल्याला आधी ९६ची लय द्या, टेप नंतर कापा. डबी पाच स्क्रूंची घ्यावी, चिकटवलेली उघडताना तडकते. टेप गुंडाळून घेणाऱ्या बाजूच्या चाकाभोवती ती घट्ट बसली पाहिजे. ते चाक फिरलं नाही तर डेकला, म्हणजे कॅसेटच्या यंत्राला, वाटतं टेप संपली, आणि तो आपोआप बंद होतो. जोड नेहमी हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) न लागणाऱ्या पाठीमागच्या बाजूला द्यायचा, आणि तोही टेप जोडायच्या खास चिकटपट्टीनेच. घरातली सेलोटेप उकाड्यात पाझरते, तिचा डिंक हेडवर चढतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. ब्लेडला चुंबकत्व असेल तर जोडावर धप्प ऐकू येतं. रिळावर ४५ अंशांचा तिरका काप उत्तम, एक आवाज उतरत असताना दुसरा चढतो. कॅसेटच्या मंद वेगात मात्र तोच काप थापेची धार घालवतो, म्हणून तालाच्या लूपला आम्ही जवळजवळ सरळ काप सुचवतो आणि बारीकशी ‘टक’ पत्करतो.

थरावर थर हवे असतील तर पुसणाऱ्या हेडवर कागदासारखा पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावावा. जुनं पूर्ण पुसलं जात नाही, नवं वर चढतं. प्रत्येक नव्या थराने आधीचा थोडा मंदावतो, आणि टाळांचा किणकिणाट सगळ्यात आधी जातो. टाळ शेवटी घ्यावेत ते यासाठी.

एक गोष्ट तुमच्या वाइलर्सविस्टला ठाऊक नव्हती, ती खारी हवा. जून ते सप्टेंबर इथे कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नये, एकीची बुरशी हेडवरून पुढच्या दहा कॅसेटींना लागते. स्क्रू काढून टेपची गुंडाळी अलगद दुसऱ्या डबीत ठेवावी, हाताने सावकाश गुंडाळत सुती फडक्याने कोरडी पुसावी. उन्हात वाळवणं नकोच, पट्टी वाकडी होते. टेप हेडवर दाबून धरणारी लोकरी गादी निखळलेली असेल तर निकामी कॅसेटमधली काढून बसवावी. ती नसेल तर आवाज येतो आणि जातो, आणि माणूस उगाच हेडला दोष देत बसतो. हेड आणि पोलादी दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पण रबरी चाकाला ते लावू नये, रबर कडक होऊन टेप चावतं. त्याला सौम्य साबणाचं पाणी पुरे. साठवण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

तिसरे आभार रेडिओचे, आणि ते सर्वांत मोठे. १९७९च्या तुमच्या ‘मूव्हीज’ या अल्बममधल्या ‘पर्शियन लव्ह’ गाण्यात शॉर्टवेव्हवर सापडलेलं इराणी गाणं तुम्ही कापून-सांधून गिटारच्या लयीवर असं बसवलंत की गायक खोलीत बसलाय असं वाटावं. आमच्या किनाऱ्याला तर समोर नुसता समुद्र आहे, पलीकडे अरबस्तान आणि इराण. संध्याकाळी ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झचा ३१ मीटर बँड फिरवा, रात्री ५.९ ते ६.२चा ४९ मीटर. एरियलला मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार १०-१५ मीटर पुरते, खिडकीतून माडापर्यंत. टोकाचं इनॅमल खरवडून जोड द्यावा आणि तो झाकावा, उघडा राहिला तर एका पावसाळ्यात हिरवा पडतो. आभाळ भरून आलं की, गडगडायच्या आधीच, तार काढून घराबाहेर टाकायची, यात हयगय नको. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर हे या बँडचे वैरी. रेडिओ सेलवर चालवावा. लाइट गेली की बँड कसा स्वच्छ होतो ते ऐकाच. लाइट जाण्याचे उपकार मानावेत असा हा एकच प्रसंग!

रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून डेकच्या लाइन-इनमध्ये वायर घ्यावी, माईकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. स्टेशन अचूक पकडायचा हट्टही नको. दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून गाणं फुगतं, ओसरतं, क्षणभर धातूसारखं वाजतं. संगीतात हवं असतं ते हेच. आणि १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळदर्शक केंद्राची टिकटिक लागली तर ती सोडू नका. दर सेकंदाला एक ठोका, म्हणजे ६०ची बिनचूक लय फुकटात. ती टेपवर घेऊन दुसऱ्या डेकवर लावली की दोन डेकच्या वेगांत किती फरक आहे तेही कळतं.

एका बाबतीत तुमच्याशी मतभेद आहे. हवेतून आलेला आवाज कोणाचा हे विचारायची तुम्हाला सोय नव्हती. आम्हाला आहे. माळ्यावरच्या कॅसेटमधला जाखडीचा (कोकणातल्या लोकनृत्याचा) शाहीर बहुधा पुढच्याच वाडीत राहतो, तो नसला तर त्याचा मुलगा असतो. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या गळ्याला कात्री लावू नये, आणि नाव आधी त्याचं यावं.

बाकी सगळं तुमचंच आहे.

आपले ऋणी,
किनाऱ्यावरचे टेपवाले

ता. क. वाचणाऱ्यांसाठी: वर्षानुवर्षं बंद असलेल्या डेकचा रबरी बेल्ट बहुतेक वेळा वितळून डांबर झालेला असतो. ते अल्कोहोलने पूर्ण निघाल्याशिवाय नवा बसवू नका, घसरतो. माप घ्यायला चाकांभोवती दोरा फिरवा आणि त्या लांबीपेक्षा साधारण ५ टक्के कमी घेराचा बेल्ट मागा. फार घट्ट घेतलात तर मोटारीची बुशं झिजतात.