क्रेटचा भावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोमॅटो कडाडले की आपल्या पहिल्या पानावर नारायणगावचं नाव येतं. बिबट्याने कुणाला ओढून नेलं तरी येतं. एरवी वर्षभर नाही. नारायणगाव माझं माहेर. लग्न होऊन घाटकोपरला आले त्याला आता छत्तीस वर्षं झाली.

2023च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, तेव्हा भाजीवाल्यापाशी उभ्या असलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या गावची चंगळ आहे बाई!" त्या उन्हाळ्यात टोमॅटोला भावच नव्हता. कित्येकांनी पीक सोडून दिलं, पुढची लागवड घटली आणि म्हणून तर जुलैत माल कमी पडला. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले, ते मात्र त्या बाईंच्या कानावर आलं नसावं. दादाच्या एका पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा जाऊन जे उरलं होतं, त्यात तोडायला आलेल्या बायकांची त्या दिवसाची मजुरीसुद्धा भागली नाही.

तोड्याच्या दिवशी वहिनीचे हात मनगटापर्यंत हिरवेकाळे होतात. झाडाचा चीक बसतो तो. साबणाने जात नाही, पिकलेला टोमॅटो फोडून चोळला की मगच सुटतो. माल लांबच्या बाजाराला जायचा असेल तर फळ नुसतं रंगावर आलं की तोडायचं, डागी बाजूला काढायचं आणि क्रेट भरून उपबाजारात न्यायचं. त्याआधी रोपं, मल्चिंग, ठिबक, औषधं, तार-बांबूची बांधणी. भाव काय मिळणार हे क्रेट खाली उतरेपर्यंत ठाऊक नसतं.

माझ्या आजीच्या वेळी आमच्या रानात बाजरी होती. मीना नदीवर वडज, कुकडीवर येडगाव, माणिकडोह, शिवाय डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली. पाणी आलं तसा ऊस आला, द्राक्षं आली, टोमॅटो आला. उसाच्या आडोशाने बिबट्याही आला. विजेची पाळी रात्रीची असली की दादा बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला जातो आणि तो परत येईपर्यंत वहिनी दारातच बसून असते. शेतीला दिवसा वीज द्या, ही तिथल्या लोकांची मागणी कुणी मनावर का घेत नाही?

आणि हे गाव नुसतं टोमॅटोचं नाही. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. विठाबाई नारायणगावकरांनी या गावाचं नाव साऱ्या महाराष्ट्रात नेलं. 2002 साली त्या गेल्या, पण पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या अजूनही लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. शेजारी खोडदला तर रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. अशा तीस तबकड्या त्या परिसरात विखुरल्या आहेत. त्यांच्या आसपासच्या रानातही कांदा लावलेला दिसतो.

माझी विनंती एवढीच आहे. आपण मुंबईतला किरकोळ भाव छापता, त्याच्या शेजारी त्याच दिवशीचा नारायणगावचा क्रेटचा भावही छापा. बाजार समितीचे भाव रोज जाहीर होतातच. टोमॅटो महाग असताना छापा आणि मातीमोल झाल्यावरही छापा. मी तो दादाला फोन करून विचारते आणि आमच्या इमारतीतल्या बायकांना सांगते, पण माझा आवाज दोन मजल्यांपलीकडे जात नाही.

आपली,
एक वाचक, घाटकोपर