जर्मनीतल्या वर्क्स कौन्सिलची निवडणूक आणि आपली माणसं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीत मल्टिनॅशनल कंपन्यांमध्ये नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी आणि त्यांच्या घरचे तुमचा पेपर वाचतात, म्हणून हे पत्र लिहितोय. 1 मार्च ते 31 मे 2026 या काळात तिथल्या कंपन्यांमध्ये वर्क्स कौन्सिलच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेल्या प्रतिनिधींच्या समितीच्या (तिकडे तिला बेट्रिब्सराट म्हणतात) निवडणुका आहेत. दर चार वर्षांनी होतात आणि माझ्या पाहण्यात तरी आपली माणसं त्यात दिसतच नाहीत, ना मत द्यायला ना उभं राहायला. मला हे फार खटकतं.

विचारलं की पहिलं उत्तर येतं, आपण बाहेरचे, आपल्याला कुठे मत. अहो, आहे ना! 1972 च्या कायद्यापासून पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. 16 वर्षं पूर्ण झालेला कुठलाही कर्मचारी मत देऊ शकतो, 18 पूर्ण असतील आणि सहा महिने नोकरी झाली असेल तर उभाही राहू शकतो. दुसऱ्या कंपनीने भाडेतत्त्वावर पाठवलेल्या लोकांचं काम तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर ते ज्या कंपनीत काम करतात तिथे मत देतात. यातून बाहेर असतात ते अगदी वरचे अधिकारी, ज्यांना स्वतःच्या अधिकारात माणसं घेता-काढता येतात ते. नुसतं कार्डावर मॅनेजर किंवा टीम लीड छापलंय म्हणून कुणाचं मत जात नाही, आणि हा गैरसमज आपल्या आयटीवाल्यांत खूप आहे.

दुसरं उत्तर, आपण युनियनच्या भानगडीत पडत नाही. पण ही युनियन नाही. हिला वर्गणी नसते, खर्च कंपनीने करायचा असतो, मीटिंगा पगारी वेळेत होतात आणि संप पुकारायची कौन्सिलला कायद्यानेच बंदी आहे. पगाराचे करार युनियन करते तो भाग वेगळा.

आता ती करते काय, ते नीट सांगतो कारण नेमकं हेच कुणाला माहीत नसतं. कंपनीने तुम्हाला काढायचं ठरवलं तर आधी कौन्सिलला कारण सांगून तिचं म्हणणं ऐकावं लागतं, प्रोबेशनमध्ये असलात तरी. न विचारता दिलेलं टर्मिनेशन लेटर कायद्याने रद्दबातल. नेहमीच्या नोटीस देऊन काढण्यात कौन्सिलला एक आठवडा मिळतो, तेवढ्यात तिने कायद्यात बसणारं कारण दाखवून लेखी विरोध केला आणि तुम्ही तीन आठवड्यांत कोर्टात गेलात, तर केस संपेपर्यंत कामावर ठेवा असं तुम्ही मागू शकता. ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत, त्याच्यासाठी ते चार-सहा महिने म्हणजे काय असतात हे मी वेगळं सांगायला नको. आणि हे सगळं फक्त जिथे कौन्सिल आहे तिथेच बरं का, जिथे कौन्सिल नाही तिथे कंपनीने विचारायचं कुणाला.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. कर्मचाऱ्याच्या कामावर किंवा वागण्यावर नजर ठेवू शकेल अशी कुठलीही सिस्टीम आणायची तर कौन्सिलची संमती लागते, नुसता सल्ला नाही, संमती. आमच्या कंपनीत मुख्यालयाने एक टूल पाठवलं, प्रत्येक माणूस प्रत्येक तिकिटावर, म्हणजे नोंदवलेल्या एकेका कामावर, किती मिनिटं बसला ते बाहेरच्या देशातल्या बॉसला दिसणार होतं. बाकी देशांत ते एका ईमेलवर सुरू झालं. आमच्याकडे कौन्सिलने अडवलं, काही महिने वाटाघाटी झाल्या, शेवटी करार झाला की आकडे टीमचे दिसतील, एकेका माणसाचे नाही, आणि त्यावरून कुणाचं अप्रेझल होणार नाही. त्या टीममध्ये निम्मे लोक भारतीय होते, पण ज्यांनी हे भांडून मिळवलं त्यात आपला एकही नव्हता.

मोठी कपात किंवा ऑफिस बंद करायचं असेल तर नुकसानभरपाईचा सोशल प्लॅन कौन्सिलबरोबर ठरवावा लागतो.

आयटीत याची गरज नाही असं म्हणणाऱ्यांनी सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण बघावं. कंपनी 1972 ची, पण 2006 पर्यंत तिथे कौन्सिल नव्हती. त्या वर्षी बहुतेक कर्मचाऱ्यांनी नको म्हणून मतही दिलं होतं, तरी मोजक्या लोकांनी कायद्याचा आधार घेतला आणि कौन्सिल आली. पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणीही ती स्थापन करता येते आणि सुरुवात करायला तीन माणसं पुरतात.

साहेब नाराज होईल ही भीती मी समजू शकतो, ती खोटी नाही. पण निवडणुकीत अडथळा आणणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि उमेदवाराला नेहमीच्या पद्धतीने नोकरीवरून काढता येत नाही.

कौन्सिलच्या हातात सगळं नसतं हेही खरं. मल्टिनॅशनलमध्ये निर्णय तिसऱ्याच देशात होतात, इथला डायरेक्टर हात वर करतो. त्यासाठी युरोपियन वर्क्स कौन्सिल आहे, युरोपियन युनियनच्या 1994 च्या निर्देशापासून, युरोपात किमान 1000 कर्मचारी आणि निदान दोन देशांत प्रत्येकी 150 असलेल्या कंपन्यांसाठी. तिला माहिती आणि सल्लामसलतीचा हक्क आहे, नकाराधिकार नाही. 1997 मध्ये रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने बेल्जियममधला व्हिल्वोर्दचा कारखाना बंद करायची घोषणा परस्पर केली, सुमारे 3100 लोकांची नोकरी होती, कोर्टांनी सल्लामसलत न केल्याबद्दल कंपनीला दोषी धरलं आणि कारखाना तरीही बंद झाला. उलट डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगनमध्ये युनियन आणि कौन्सिल दोघं मिळून बसले तेव्हा 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करायचं कंपनीने ठरवलं खरं, पण जर्मनीतले कारखाने तडकाफडकी बंद करण्याचा विषय मागे पडला. ताकद शेवटी किती लोक मागे उभे आहेत यावर ठरते म्हणूनच मी मतदानाचं इतकं लावून धरतोय.

भाषेचा प्रश्न उरतो. जर्मन नीट न येणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यांना निवडणुकीची माहिती समजेल अशा रीतीने द्यावी असं नियमातच आहे, तेव्हा निवडणूक समितीकडे इंग्रजीत माहिती बिनधास्त मागा.

आणि वेळ पाळा. मोठ्या कंपनीत निवडणुकीची नोटीस लागली की उमेदवारी द्यायला दोनच आठवडे असतात, मतदार यादीवर हरकत घ्यायलाही तेवढेच, त्यामुळे यादीत आपलं नाव आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. मतदार कर्मचारी 100 पेक्षा जास्त असतील तर उमेदवारीला त्यांच्यातल्या विसाव्या भागाच्या सह्या लागतात, पण 50 झाल्या की कुठेही पुरे. एवढ्या सह्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून दोन दिवसांत होतात.

आपला,
जर्मनीतला एक वाचक