आधी का नाही सांगितलं?

पाटण, 22 फेब्रुवारी 2025

प्रिय बाळू,

सोमवारी पहाटे दिल्लीत भूकंप झाला तेव्हा तू धापा टाकत फोन केलास आणि मी हसलो, त्याचा राग अजून गेला नसणार. पण अरे, आम्ही कोयनेकाठची, धक्क्याने फळीवरची भांडी वाजली तर कूस बदलून झोपणारी माणसं. तूही मूळचा इथलाच, दिल्लीत राहून विसरलास.

"भूकंपशास्त्राचं एवढं मोठं केंद्र लोधी रोडला आहे, मग आधी का नाही सांगितलं?" असं तू तणतणलास. बाबा, राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र तलाठ्यासारखं आहे. पीक उभं राहिलं की मगच सातबाऱ्यावर चढतं! भूकंप कुठे, कधी येणार हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही.

नोंद मात्र चोख. देशभर दीडशेहून अधिक ठिकाणी, शक्यतो रस्ते-रेल्वेपासून दूर पक्क्या खडकावर, त्यांची यंत्रं रात्रंदिवस कान लावून बसलेली असतात. धक्क्याची पहिली, पी लाट वेगात येते. जोरात हलवणारी एस लाट मागून. दोघींमधलं अंतर सेकंदांत मोजायचं आणि ढोबळमानाने आठने गुणायचं, की किलोमीटर मिळतात. दहा सेकंद म्हणजे ऐंशी किलोमीटर. पण कुठल्या दिशेला? ते एका केंद्राला नीट ठरवता येत नाही. तीन केंद्रांभोवती तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढली, की ती जिथे छेदतात तिथे आपला भूकंप. आता हे संगणक करतो. तीव्रतेचा पहिला आकडा झटपट येतो, मग माणूस आलेख तपासतो आणि आकडा थोडा बदलतो. लोकांना वाटतं लपवाछपवी चाललीय.

तुमचा धक्का 4.0 चा, पण धौला कुआँजवळ आणि जेमतेम पाच किलोमीटर खोल. म्हणून तो गडगडाट.

आपल्याकडे यंत्रं बहुतेक वेळा घर पडल्यावरच येतात. 1897 ला शिलाँग हादरलं, 1898 च्या डिसेंबरात कलकत्त्याला अलीपूरला भूकंपाची पहिली वेधशाळा. 1993 ला किल्लारी झालं, मग जुन्या यंत्रांच्या जागी डिजिटल आली. कोयनेचं तेवढं वेगळं. धरणात पाणी साठू लागलं तसे बारीक हादरे सुरू झाले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथे यंत्रं बसली. त्यामुळे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या मोठ्या भूकंपाआधीची कुरकुरही कागदावर आहे. जलाशयाच्या पाण्याने भूकंप जागे होतात, या विषयावर जगात बोलायचं तर आजही कोयनेचं नाव घ्यावं लागतं.

त्या पहाटे आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात ठेवलं होतं. सात वर्षांचा होतो. थंडी आठवते, आणि गोठ्यातल्या म्हशीचं ओरडणं. धक्का कसा होता, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

असो. तुझ्या पलंगाच्या डोक्यापाशी ते पुस्तकांचं उंच कपाट आहे ना, ते या रविवारी भिंतीला पक्कं ठोकून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू