शीतपेयाच्या बाटलीतले फिनेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची चिंगी गावठी कुत्री आहे, वय सहा. परवाच्या रविवारी सकाळी आम्ही फिरून आलो तेव्हा सोसायटीचा जिना नुकताच धुतलेला होता. तीन मजले चढून वर आलो आणि बाईसाहेब सवयीप्रमाणे गॅलरीत पाय चाटत बसल्या. दुपारी बघतो तर तोंडातून लाळेची तार, जीभ लालभडक, पाण्याच्या भांड्याला तोंडही लावेना.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, मिठाचे पाणी पाजा, उलटी होऊन सगळे बाहेर पडेल. मी पेल्यात मीठ ढवळतच होतो, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. ते जवळजवळ ओरडलेच. जे आत जाताना भाजते ते बाहेर येताना पुन्हा भाजते, शिवाय एवढे मीठ कुत्र्याला स्वतंत्रपणे विषासारखे बाधते. आधी चारही पाय साबणाने, भरपूर पाण्याने धुवा, तिला पुन्हा चाटू देऊ नका आणि जिन्यात जे वापरले ती बाटली घेऊन लगेच या, असे त्यांनी सांगितले.

बाटली आणली. शीतपेयाची दोन लिटरची, आत काळे द्रव, लेबल अर्धे फाटलेले आणि तेही शीतपेयाचेच! डॉक्टर विचारतात, यात काय आहे? सेक्रेटरींना माहीत नाही, जिना धुणाऱ्या मावशींना माहीत नाही. दारावर सायकलवरून विकायला येणाऱ्याला कोणी विचारलेलेच नाही. शेवटी डांबरासारख्या वासावरून आणि पाण्यात थेंब टाकताच दुधाळ झाले यावरून काळे फिनेल असावे असे धरून उपचार सुरू झाले. यातली फिनॉलच्या जातीची द्रव्ये तोंड, अन्ननलिका भाजतात, कातडीतूनही शरीरात भिनतात आणि यकृत, मूत्रपिंडाला इजा करतात. मांजरांना तर त्यांचा त्रास आणखी लवकर होतो. चिंगीला दोन दिवस सलाईन लागले. जिभेवरचे व्रण भरेपर्यंत ती गार ताकभातावर होती.

काळ्या फिनेलसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०६१ हे मानक आहे. मग आपण वासावर भरवसा ठेवून सुटे का घेतो? तोच विक्रेता संडासाचे अॅसिडही तसल्याच बाटलीत देतो. उद्या एखाद्या पोराने ते सरबत समजून तोंडाला लावले तर? फिनेल किती घालायचे तेही अंदाजानेच. आमच्याकडे वास जिन्यापासून गेटपर्यंत आला की जिना स्वच्छ झाला असे समजतात. मावशींच्या तळहाताची सालं निघतात ती कशाने, हे मला त्या दिवशी कळले. दहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते, याची लाज वाटते.

सोसायटीच्या सभेत मी दोनच मागण्या मांडल्या: घटक व प्रमाण छापलेली सीलबंद बाटलीच घ्यायची, आणि फिनेलनंतर साध्या पाण्याचा हात मारून जिना वाळेपर्यंत दोरी लावायची. मावशींना हातमोजे द्यायचे, हे एका वहिनींनी जोडले आणि लगेच मंजूर झाले. ‘कुत्र्यासाठी एवढा खर्च?’ असेही एकाने विचारले. सीलबंद बाटलीने प्रत्येक घरामागे महिन्याला किती पडतील याचा हिशोब मी त्यांना लिहून दिला आहे, उत्तराची वाट पाहतोय.

तोवर जिना ओला दिसला की चिंगी पहिल्या पायरीवरच बसकण मारते. मग तिला उचलून न्यावे लागते. तिचे वजन १४ किलो, माझे वय ६८, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)