हॉलचा रंग कार्डावर बघून ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीच्या आधी घराला रंग मारायची आपल्याकडं घाई असते म्हणून लिहितोय. गेल्या वर्षी आम्ही पण तेच केलं, दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्ड बघितलं, फिक्कट पिस्ता एकदम मस्त वाटला, आणि चारी भिंतींना मारल्यावर हॉल सरकारी दवाखान्यासारखा दिसायला लागला की हो! कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा, भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो, शिवाय आमचा हॉल उत्तरेकडं तोंड करून, ऊन येतच नाही, तिथं हिरवा-निळा आणखी थंड दिसतो. पिवळ्या बल्बखाली परत वेगळाच.

यंदा बायकोनं शहाणपणा केला. सॅम्पलचा छोटा डबा आणून दोन पुठ्ठ्यांवर दोन हात मारले आणि ते सकाळ-दुपार-रात्र भिंतीला टेकवून बघितले, मग हळदीसारखा नाही, ताकातल्या लोण्यासारखा क्रीम ठरला (आई अजून म्हणते, चुन्यात नीळ घालून मारा, काय वाईट होतं?).

आणि आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात ओल्या भिंतीवर रंग मारला की पापुद्रे सुटतातच, त्यामुळं आम्ही दसऱ्याची वाट बघतोय, गणपती जुन्या पिस्त्यातच बसणार.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव