कचरा जिथे पडतो तिथे दोन तास उभी राहणारी माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या परिसराच्या स्वच्छता गटातर्फे हे आवाहन आहे. आम्हाला रस्त्यावर उभं राहून कचऱ्याची मोजणी करणारी 14 माणसं हवी आहेत. 12 कचरापेट्या बनवून बसवण्यासाठी साहित्य आणि कारागीर हवे आहेत. शिवाय प्रत्येक पेटीकडे आळीपाळीने रोज संध्याकाळी दहा मिनिटं बघतील असे दोन-दोन शेजारी, म्हणजे 24 जण हवे आहेत. सामूहिक झाडलोटीची मोहीम आम्ही यात मुद्दामच घेतलेली नाही. रविवारी शंभर हातांनी रस्ता झाडायचा आणि बुधवारी ये रे माझ्या मागल्या, हे चक्र मोडायचं तर कचरा नेमका का पडतो ते आधी बघावं लागतं. त्यामुळे हे पत्र जरा लांबलं आहे, पण वेळ काढून पूर्ण वाचा.

'लोकांना शिस्तच नाही' असं म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि करण्यासारखं काही हाती उरत नाही. शिवाय तेवढं कारण पुरतही नाही. तोच माणूस एका रस्त्यावर रिकामं वेष्टन खिशात ठेवतो आणि दुसऱ्या रस्त्यावर सहज सोडून देतो. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचेवर पत्रकं अडकवली होती. गाडीकडे येणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ठरवून एक माणूस पत्रक खाली टाकत जाई. आधीच घाण असलेल्या जागेत हे दृश्य पाहणाऱ्यांपैकी 54 टक्के लोकांनी आपलंही पत्रक खाली टाकलं. स्वच्छ जागेत तेच दृश्य पाहणाऱ्यांपैकी फक्त 6 टक्क्यांनी टाकलं. त्याच अभ्यासाच्या पुढच्या प्रयोगात असं दिसलं की स्वच्छ जागेत एकच तुकडा उठून दिसत असेल तर लोक अगदी कोऱ्या जागेपेक्षाही कमी टाकतात. तुकड्यांची संख्या वाढत गेली की मात्र टाकणारेही वाढत जातात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात सायकलींच्या हँडलला पत्रकं लावून 2008 साली असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं आणि त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर 69 टक्क्यांनी. जागा बघून माणूस ठरवतो की इथे काय चालतं.

हे एकदा पटलं की कामाची वेळ बदलते. पहाटे झाडलेला रस्ता दुपारपर्यंत बरा असतो, पण पहिले पाच-सहा तुकडे जमले की तिथून पुढे घसरण वेगाने होते. दिवसभरातली सगळ्यात उपयोगी सफाई म्हणजे ते पहिले तुकडे वेळेवर उचलणं. ते एका माणसाचं दोन मिनिटांचं काम आहे. ते झालं नाही तर दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराला त्याच जागी शंभर वेळा वाकावं लागतं. आम्हाला ही गोष्ट मनापासून लागते, आणि हे पत्र लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे.

पेटी जवळ असली की प्रश्न सुटतो, हाही अर्धाच समज आहे. अमेरिकेत 130 सार्वजनिक ठिकाणी जवळपास 10 हजार माणसांचं निरीक्षण करून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हातातली वस्तू टाकण्याच्या दर शंभर प्रसंगांपैकी 17 वेळा ती पेटीबाहेर गेली. त्या वेळी सगळ्यात जवळची पेटी सरासरी सुमारे 9 मीटरवर होती. म्हणजे पेटी होती, पण ती चुकीच्या बाजूला, पाठीमागे, भरलेली किंवा हात लावायची किळस यावी अशी असेल तर नऊ मीटरही लांब पडतात.

पेटीत काय काय चुकतं ते सांगतो, कारण साहित्य देणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. झाकण हाताने उचलावं लागत असेल तर माणूस ते उचलत नाही आणि वस्तू झाकणावर ठेवून जातो. वरचा भाग सपाट असेल तर त्याचा कट्टा होतो, त्यावर पेले आणि बाटल्या उभ्या राहतात आणि वाऱ्याने रस्त्यावर येतात. तोंड फार लहान असेल तर एखादा खोका अडकतो आणि खाली निम्मी पेटी रिकामी असूनही ती 'भरलेली' दिसते. तोंड फार मोठं असेल तर रात्री घरातल्या कचऱ्याच्या पिशव्या येऊन पडतात आणि सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जागाच उरत नाही. दोन दांड्यांत झुलणारं डबं कुत्री ओढून उलटं करतात. तळाला भोकं नसली तर पाणी साठून दोन-तीन पावसाळ्यांत पत्र्याचा तळ गळून पडतो. मग वरून टाकलेली वस्तू सरळ जमिनीवर येते आणि लोक त्या पेटीला कायमचे विटतात.

आम्ही ठरवलेली पेटी अशी आहे. आतली बादली जस्त चढवलेल्या पत्र्याची, 60 लिटरची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. याहून मोठी घेतली तर ओला कचरा भरल्यावर एका माणसाला उचलणं जड जातं. तोंड समोरून, 30 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर उंच, खालची कड जमिनीपासून सुमारे 85 सेंटीमीटरवर, म्हणजे लहान मुलांचाही हात पोचतो. वर उतरतं छप्पर. तळाला 10 मिलीमीटरची चार भोकं. पेटीखाली 15 सेंटीमीटर मोकळी जागा, म्हणजे झाडू आत फिरतो. पेटी 50 मिलीमीटर व्यासाच्या, दीड मीटर लांबीच्या लोखंडी पाइपावर बसेल आणि पाइपाचा 45 सेंटीमीटर भाग काँक्रीटमध्ये जाईल. रंग मागच्या भिंतीपासून वेगळा उठून दिसणारा हवा, 20 मीटरवरून पेटी ओळखू आली पाहिजे. ओला-सुका असे दोन कप्पे करायचे तर दोन्ही तोंडांचे आकार वेगळे हवेत. चालता माणूस पाटी वाचायला थांबत नाही, पण भोकाचा आकार त्याला कळतो.

सिगारेटच्या थोटकांचा विचार वेगळा करावा लागतो. थोटूक पेटलेलं असतं म्हणून सरळ माणूसही ते पेटीत टाकायला कचरतो, आणि ते बरोबरच आहे. सुक्या कागदात पडलं तर पेटी पेटते. मग ते बुटाखाली विझतं आणि तिथेच राहतं. थोटकाचं बूच कापसासारखं दिसलं तरी ते सेल्युलोज अॅसिटेटचं, म्हणजे प्लास्टिकचं असतं. ते लवकर कुजत नाही आणि पहिल्या पावसात गटारात जातं. म्हणून प्रत्येक पेटीच्या बाजूला विझवण्यासाठी भोकाभोकांची पोलादी पट्टी आणि तिच्याखाली 3 सेंटीमीटर वाळू घातलेला छोटा डबा लागेल. वाळू आठवड्यातून एकदा चाळायची. ओली झाली तर बदलायची, नाहीतर तिचा दगड होतो.

आता जागा. पेटी दुकानाच्या दारात बसवली तर ती रिकामी राहते, कारण तिथे वेष्टन नुकतंच उघडलेलं असतं. ते रिकामं होतं चालता चालता. साधारण चालीने माणूस मिनिटाला 75 ते 80 मीटर जातो, म्हणजे चार मिनिटांत संपणारी वस्तू 300 मीटरवर हातात रिकामी होते. पेटी तिथे हवी, आणि चालण्याच्या दिशेने पुढे दिसेल अशी हवी. थांब्यावर वेगळाच प्रकार होतो. माणूस दहा मिनिटं पेला हातात धरून उभा असतो, बस आली की दोन्ही हात मोकळे करावे लागतात, आणि त्या पाच सेकंदांत सगळ्यांचे पेले खाली येतात. तिथे पेटी बाकाच्या मागे ठेवून उपयोग नाही, चढण्याच्या दाराच्या वाटेवर हवी. कोपनहेगनमध्ये पेट्यांकडे नेणारी हिरवी पावलं रस्त्यावर चिकटवून पाहिली तेव्हा रस्त्यावर पडणारी वेष्टनं 46 टक्क्यांनी कमी झाली होती. पावलांचा रंग उडतो आणि नव्याची नवलाईही ओसरते, तरी थांब्यांजवळ आम्ही ती रंगवून पाहणार आहोत.

रस्त्यावर दिसणारा बराच कचरा कुणी टाकलेलाच नसतो, हेही मोजताना लक्षात ठेवायचं आहे. कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी फोडलेल्या पिशव्या, उघड्या गाडीतून उडालेले कागद, भरून वाहणारी पेटी, असं बरंच काही त्यात येतं. भरलेल्या पेटीवर नीट ठेवून गेलेल्या माणसाने आपल्या परीने योग्यच केलेलं असतं. त्याला दटावून काही बदलणार नाही, पेटी वेळेवर रिकामी झाली तर बदलेल.

कोपऱ्यावरचे पिशव्यांचे ढीग ही याहून अवघड गोष्ट आहे. त्यांचं मूळ बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं. कचरा न्यायला गाडी येते तेव्हा घराला कुलूप असतं, आणि वास येणारी पिशवी रात्रभर घरात ठेवायला कुणी तयार नसतं. मग ती कामाला निघताना कोपऱ्यावर ठेवली जाते. अशा कोपऱ्याचा शोध लागला की तिथे कुणाच्या पिशव्या येतात यापेक्षा किती वाजता येतात हे लिहा. वेळ कळली की गाडीची फेरी बदलून मागता येते.

फलक देऊ करणाऱ्यांचे आभार, पण 'येथे कचरा टाकल्यास दंड' असे फलक आम्हाला नकोत. आजूबाजूला कचरा पडलेला असताना असा फलक एवढंच सांगतो की इथे बंदी कुणी पाळत नाही. दरडावणाऱ्या मजकुराची पत्रकं विनंतीच्या मजकुरापेक्षा जास्त टाकली गेल्याचंही प्रयोगात दिसलेलं आहे. फलक द्यायचाच असेल तर 'पेटी पुढे 20 मीटरवर, डाव्या हाताला' असा बाण असलेला द्या.

मोजणीचं काम असं असेल. प्रत्येकी 50 मीटरचे सात पट्टे खडूने आखून घेऊ. सहा पट्ट्यांवर पेट्या बसतील, सातव्यावर काहीच करायचं नाही, तो तुलनेसाठी. प्रत्येक पट्ट्यावर दोघे जण, तीन दिवस, रोज दोन तास. त्यातला एक दिवस सुटीचा. पहिला तास पडलेल्या वस्तू मोजायच्या: थोटकं, वेष्टनं, बाटल्या आणि बुचं, पेले, कागद, घरच्या पिशव्या. पेटीपासून 2 मीटरच्या आत पडलेल्या वस्तू वेगळ्या लिहायच्या, कारण त्या टाकणाऱ्याची नव्हे, पेटीची चूक दाखवतात. थोटकं सोडून 2 सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडे मोजायचे नाहीत, नाहीतर दोघांचे आकडे जुळत नाहीत. झाडल्यापासून किती तास झाले ते आधी लिहायचं. ते राहिलं तर सगळी मोजणी वाया जाते. पावसात मोजायचं नाही. दुसरा तास बाजूला उभं राहून बघायचं: हातातली वस्तू कुठे गेली आणि पेटी किती पावलांवर होती. कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणाला टोकायचं नाही. टोकलं की लोक आपल्यासमोर वेगळे वागतात आणि खरं चित्र हाती येत नाही. पेट्या बसल्यावर चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात हीच मोजणी पुन्हा करू, त्यासाठी तीच माणसं आली तर उत्तम.

पाया भरण्यासाठी 30 बाय 30 सेंटीमीटरचे, 45 सेंटीमीटर खोल 12 खड्डे घ्यायचे आहेत. त्याला 4 पोती सिमेंट, सुमारे पाव घनमीटर वाळू आणि अर्धा घनमीटर खडी पुरेल. खणण्याआधी खालून वीजतारा आणि पाण्याचे नळ कुठून जातात त्याची खात्री आणि रस्त्याच्या विभागाची परवानगी आम्ही घेऊ. काँक्रीटला तीन दिवस धक्का लागू द्यायचा नाही, सात दिवस पाणी मारायचं आणि मगच पेटी चढवायची. घाई केली तर पाइप कलतो आणि महिन्याभरात पेटी लोंबायला लागते. वेल्डिंग करणारे दोन आणि पत्रा वाकवण्याचं यंत्र असलेले एक कारागीर चार दिवस मिळाले तर मोठं काम होईल. पैसे सध्या नकोत, वस्तू आणि हात हवेत. जुनी पण धड बादली, पाइपाचे तुकडे, उरलेला रंगही चालेल.

पेटीकडे बघणाऱ्यांचं काम रोजचं आहे म्हणून तेच सगळ्यात मोलाचं आहे. पेटी तीन चतुर्थांश भरली असेल तर गाडीवाल्यांना कळवायचं. काठोकाठ भरण्याची वाट बघायची नाही. भोवतालच्या 5 मीटरमधले तुकडे चिमट्याने उचलायचे. पेटीत हात घालून कचरा कधीही दाबायचा नाही, आत सुई किंवा काच असू शकते. पिशवी उचलताना पायापासून लांब धरायची. जवळच्या गटाराच्या जाळीवर आडवं पडलेलं वेष्टन दिसलं तर ते पहिल्यांदा काढायचं, कारण एवढ्याशा अडथळ्याने पाणी रस्त्यावर चढतं. आठवड्यातून एकदा बादली धुवायची. दोघांपैकी एक जण गावाला गेला तर दुसऱ्याने पाहायचं. दोघेही जाणार असतील तर आम्हाला दोन दिवस आधी सांगायचं. चिमटे, जाड हातमोजे आणि पेटीच्या कुलपाची किल्ली गटाकडून मिळेल.

नाव नोंदवताना तुम्हाला जवळचा रस्ता, मोकळी वेळ, आणि मोजणी, कारागिरी की पेटीची देखभाल, एवढं लिहा. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर एक मदत तरी करा: हातात रिकामी वस्तू होती आणि ती ठेवायला जागा सापडली नाही, असं तुमच्याबाबतीत जिथे झालं ती जागा आम्हाला कळवा. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, चालण्याची दिशा आणि साधारण वेळ त्यात असू द्या. पेट्यांच्या जागा ठरवताना या चिठ्ठ्या आणि मोजणीचे तक्ते आम्ही शेजारी शेजारी ठेवणार आहोत.