कोकणकड्यावर उधार राहिलेलं उत्तर

जुन्नर,
8 जून 2025

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? लेपाने उतार पडला का ते कळव.

फेब्रुवारीत आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावत होतो. आजची हवा माणसाच्या धुरामुळे तापतेय असं मी म्हणालो, तेव्हा तू विचारलंस, "हा अख्खा कडा लाव्हारसाचा म्हणतोस. मग तेव्हा हवामान बदललं ते कुणाच्या गाड्यांमुळे?" मला काही सुचलं नाही, मी पिठल्याचा विषय काढला. बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला हे शोभलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात वळवळतंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी कबुली देतो. तू म्हणालास ते खरंच आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा उसळत राहिला. लोंढ्यावर लोंढा थिजला आणि त्याच थरांतून पुढे आपला सह्याद्री कोरला गेला. लाव्ह्याबरोबर बाहेर पडलेल्या वायूंनी हवामान ढवळून काढलं. पण हे सगळं लाखो वर्षांत पसरलेलं होतं. वर्षाची सरासरी काढलीस, तर आजची आपली धुराडी त्या ज्वालामुखींना केव्हाच मागे टाकतात.

हिमयुगांची गोष्ट तर मला फार आवडते. मिलुतिन मिलान्कोविच नावाचा एक सर्बियन गणिती. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याला नजरकैदेत टाकलं. पुढे बुडापेस्टमध्ये राहायची परवानगी मिळाली, तर हा गडी तिथल्या ग्रंथालयात बसून पृथ्वीवर कोणत्या काळी किती ऊन पडलं याची गणितं करत राहिला. पृथ्वीची कक्षा साधारण लाख वर्षांच्या चक्राने कमीजास्त लांबट होते, आसाचा कल 41 हजार वर्षांत थोडा वाढतो-घटतो, आणि आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्याने ऊन कमीजास्त झालं की हिमयुगं येतात-जातात. आज आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असतो. अकरा हजार वर्षांपूर्वी जूनमध्ये असायचो. उत्तरेचे उन्हाळे कडक होते, मोसमी पाऊस जोरात होता, आणि पुढची काही हजार वर्षं सहाराच्या वाळवंटात तळी होती, त्यांत पाणघोडे डुंबत होते! तिथे कुणी गाड्या उडवत नव्हतं, मान्य.

आता गंमत बघ. तेच गणित आज चालवलं, तर उत्तरेच्या उन्हाळ्यातलं ऊन गेली दहाएक हजार वर्षं हळूहळू कमी होतंय. त्या हिशेबाने आपण कणाकणाने गार व्हायला हवे होतो.

मग सूर्यच तापला असेल, असं तू म्हणशील. 1978 च्या अखेरीपासून उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून आहेत. अकरा वर्षांच्या फेऱ्यात तो हजारात एका भागाने वरखाली होतो, चढत काही गेलेला नाही. शिवाय चूल भडकली तर खोली वरपासून खालपर्यंत तापते. आपल्याकडे जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा थर, स्थितांबर, गार होतोय. हे चुलीचं लक्षण नव्हे, गोधडीचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणजे ती गोधडी, ती जाड झाली की आत ऊब वाढते.

ज्वालामुखींचं थोडक्यात सांगतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो 1991 मध्ये फुटला, तेव्हा गंधकाच्या धुक्याने जग वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाएवढं गारच झालं. ते कार्बन डायऑक्साइडही सोडतात, पण जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा मिळून माणसाच्या तुलनेत शेकडा एकसुद्धा भरत नाही.

आता तुझ्या भाषेत बोलतो, कारण पतसंस्थेत तू जन्मभर खतावण्या तपासल्यास. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दहा लाखांमागे 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगने रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा 315 च्या आसपास होता. गेल्या वर्षीची सरासरी 424 च्या वर गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर मागच्या आठ लाख वर्षांत शिल्लक 300 च्या पुढे गेलेली दिसत नाही.

ही भर कुणी घातली? नोटेवरच खूण आहे. जिवंत झाडात थोडा किरणोत्सारी कार्बन-14 असतो, तो 5,730 वर्षांत निम्मा होतो. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यात तो उरलेलाच नसतो. 1955 मध्ये हान्स सूसने झाडांच्या लाकडात दाखवून दिलं की हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण पातळ होत चाललंय, म्हणजे कुठून तरी जुना कार्बन मिसळतोय. जोडीला हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. आणि तुला आवडेल असा मुद्दा: इंधनं जाळून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड आपण भरतो, वर जंगलतोडीचा वेगळा, आणि शिल्लक त्याच्या निम्म्यानेच वाढते. उरलेला समुद्र आणि झाडं गिळतात. निसर्ग भरत असता तर शिल्लक आपल्या भरण्याहून जास्त वाढली नसती का?

बाकी सिमेंट, भातखाचरांतला आणि कचरा डेपोंतला मिथेन हेही त्याच खात्यावर. रवंथ करणारी जनावरंही मिथेन सोडतात, पण तुझ्या दोन म्हशींवर मी ठपका ठेवत नाहीये.

यंदा मुंबईत 26 मेलाच मान्सून पोचला, नोंदींमध्ये सगळ्यात लवकर. त्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. एका वर्षाच्या पावसाने दावा ठोकायचा नसतो, हे मीच पोरांना शिकवायचो.

एक सांगायचं राहिलं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी आपला काळा कातळ झिजवतं, आणि तो कार्बन नद्यांतून समुद्रात जाऊन शेवटी तळाशी बसतो. म्हणजे ज्या दगडाने एके काळी वायू ओकला, तोच कोकणकडा आज घोटाघोटाने तो परत पितोय. पण त्याच्या सवडीने, लाखो वर्षांच्या हिशेबात. आपल्या भरण्याला तो पुरा पडणार नाही.

श्रावणात पाचनईकडून चढू, वहिनींचा गुडघा बरा असला तर त्याही येतील. खतावणीतली चूक सापडली तर तिथेच दाखव. नाही सापडली, तर पिठलं-भाकरीचे पैसे तुझे.

तुझा,
बाळू